४३ किलोमीटरचा घोळ

ओसाका ते क्योतो जेमतेम ४३ किलोमीटर. एवढ्याशा अंतराला कुठल्या गाडीने जायचं यावर एखाद्या कुटुंबाने किती वेळ घालवावा याला काही मर्यादा असावी, पण आमच्याकडे ती नव्हती. नवऱ्याने महिनाभर आधी फोनमध्ये तक्ता केला होता, तिकीट, वेळ, किती ठिकाणी बदलायची, सगळं. मी म्हटलं की अरे तिथे गेलो की बघू ना, तर म्हणे ऐनवेळी बघणाऱ्यांचीच फजिती होते. सासूबाईंचं एकच होतं, जिने किती आणि बसायला मिळेल का.

घोळ व्हायचं कारण म्हणजे गाड्या फार आहेत, आणि सगळ्या चांगल्या. जेआर म्हणजे जपान रेल्वे, तिची शिनकाइसोकु नावाची जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते, आम्ही २०२४ मध्ये गेलो तेव्हा तिकीट ५८० येन होतं, पुढचे आकडेही तेव्हाचेच. हान्क्यू नावाच्या खाजगी कंपनीच्या गाडीला पाऊण तास, ४१० येन. केइहान ही दुसरी खाजगी कंपनी, तिला अजून थोडा वेळ आणि ४३०. आणि वर शिनकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, पंधरा मिनिटात क्योतो, पण १४५० येन आणि ती ओसाका स्टेशनला येतच नाही, शिन-ओसाकाला जाऊन पकडायची. चारही गाड्या एकाच दिशेने जातात, तीन तर मध्ये काही ठिकाणी एकमेकींना चिकटून. भाजीवाल्याकडे चार प्रकारच्या मेथीच्या जुड्या ठेवल्यासारखं, एकच असती तर मुकाट्याने घेतली असती.

पहिल्या दिवशी तक्ता जिंकला. सगळ्यात फास्ट म्हणून जेआर. पण आधी ओसाकाच्या उमेदा भागातून स्टेशन शोधायचं होतं. हे उमेदा नाव ऐकून मला फार बरं वाटलं होतं, आपल्या उमेदीसारखं, पण तिथे पोचल्यावर पहिली तीच खचते. जेआरच्या स्टेशनाचं नाव ओसाका, हान्क्यूच्या स्टेशनाचं ओसाका-उमेदा, अजून एका कंपनीचं पण ओसाका-उमेदा, मेट्रोचं उमेदा, शिवाय हिगाशी-उमेदा आणि निशी-उमेदा वेगळी, म्हणजे पूर्व आणि पश्चिम. सगळी एकमेकांच्या आजूबाजूला आणि जमिनीखालून दुकानांच्या गल्ल्यांनी जोडलेली. आम्ही दोनदा त्याच बेकरीसमोर आलो. तिसऱ्यांदा आल्यावर आई म्हणाल्या, आता पाव घेऊनच टाका, बेकरीवालीला वाटेल हे रोजचेच आहेत.

गाडी मात्र खरंच वाऱ्यासारखी. १३० च्या वेगाने जाते आणि मध्ये फक्त शिन-ओसाका आणि ताकात्सुकी. अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटात क्योतो. नवरा घड्याळ दाखवत होता, बघ, बोललो होतो. आणि मग आम्ही क्योतो स्टेशनाबाहेर आलो. ते स्टेशन शहराच्या दक्षिण टोकाला, आपल्याला बघायचंय ते गिऑन नावाची जुनी वस्ती, कामो नदी, जुन्या गल्ल्या, सगळं तिथून वर. सिटी बसला ही रांग. तिथल्या बसमध्ये मागून चढायचं आणि उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ पैसे द्यायचे, म्हणजे गच्च भरलेल्या बसमधून आईंना मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत न्यायचं. सुमीमासेन सुमीमासेन, म्हणजे माफ करा माफ करा, करत आम्ही उतरलो तेव्हा जेआरने वाचवलेला वेळ संपून वर अर्धा तास उधारी झाली होती. तक्त्यात 'स्टेशन ते स्टेशन' असा रकाना होता. 'दार ते देऊळ' असा नव्हता.

दुसऱ्या दिवशी हान्क्यू. ओसाका-उमेदाला नऊ रूळ शेजारी शेजारी संपतात आणि प्रत्येकावर मरून रंगाची चकचकीत गाडी उभी, ते बघताना मला उगाचच पाटावर मांडलेल्या ताटांची आठवण झाली. आत लाकडासारख्या दिसणाऱ्या भिंती आणि हिरव्या मखमली सीट, त्या अँगोरा बकरीच्या केसांच्या असतात म्हणे. आईंनी बसल्या बसल्या हात फिरवून बघितलं आणि त्यांचा निकाल तिथेच लागला.

आता इथे एक गंमत सांगायला हवी. जपानमध्ये 'तोक्क्यू' म्हणजे सगळ्यात जलद गाडी. जेआरच्या तोक्क्यूला साध्या तिकिटावर वेगळं जादा तिकीट लागतं, आणि हान्क्यूच्या तोक्क्यूला लागत नाही. शब्द तोच. शिवाय जेआरची शिनकाइसोकु, जी नावाने तोक्क्यूच्या खालची आहे, ती हान्क्यूच्या तोक्क्यूपेक्षा लवकर पोचते. हे नवऱ्याला माहीत होतं, पण अर्धंच, जादा तिकिटाचं तेवढं डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून त्याने डोळ्यासमोरून दोन तोक्क्यू सोडल्या, पैसे लागतील म्हणून, आणि आम्हाला शेजारच्या निवांत गाडीत बसवलं. ती सुरुवातीला बरी पळाली, नंतर एकही स्टेशन सोडेना. मध्येच कडेला थांबून मागच्या जलद गाडीला वाट द्यायची, ती गेली की आपण निघायचं. नवरा फोनमध्ये तोंड घालून बसला. आई खुश. शाळेची पोरं चढत होती, उतरत होती, एक पोरगं उभ्या उभ्या झोपलं आणि बरोबर आपल्या स्टेशनला डोळे उघडून उतरलं, त्याचं त्यांना फार कौतुक.

अशीच थांबत थांबत गाडी ओयामाझाकीला आली. हे गाव मला लक्षात राहिलं. एका बाजूला तेन्नोझान डोंगर, दुसऱ्या बाजूला कात्सुरा, उजी आणि किझु या तीन नद्या एकत्र होऊन त्यांची योदो नदी होते, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून जेआर, हान्क्यू, शिनकानसेन सगळ्यांना जावं लागतं. जागाच नाही दुसरी. १५८२ मध्ये हिदेयोशी या सरदाराने मित्सुहिदे या दुसऱ्या सरदाराचा पराभव केला तोही इथेच, आणि अजूनही जपानी लोक एखाद्या निर्णायक क्षणाला, मॅच असो की निवडणूक, तेन्नोझान म्हणतात. आपल्याकडे पानिपत झालं म्हणतो तसं, फक्त आपण ते हरल्यावर म्हणतो.

तर आमची गाडी तिथे उभी असताना शेजारून, अगदी आमच्याच उंचीवरून, शिनकानसेन गेली. गेली म्हणजे काय, एक पांढरा पट्टा आणि आवाज, संपलं. आईंनी विचारलं, काय होतं? बुलेट ट्रेन, आई. मग म्हणाल्या, त्यातल्या माणसांना आपण दिसलो असू का?

नंतर कळलं की १९६३ मध्ये, शिनकानसेन सुरू व्हायच्या आधी, तिच्या नव्या रुळांवरून याच भागात काही महिने हान्क्यूच्या गाड्या धावल्या. शेजारी बुलेट ट्रेनचा मार्ग होणार म्हणून हान्क्यूचे रूळही उचलून वर घ्यायचे होते, ते काम होईपर्यंत शेजारणीचे वापरले. दोघींच्या रुळांची रुंदी सारखीच, त्यामुळे जमलं. म्हणजे त्या रुळांवर प्रवासी घेऊन आधी धावली ती ही मरून बाई, आणि नाव झालं पांढरीचं. हे मी आईंना सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, असंच असतं.

आणि हान्क्यू सोडते कुठे, तर कावारामाचीला, गावाच्या मध्यात. वर आलं, शिजोचा पूल ओलांडला की गिऑन. बस नाही काही नाही. परत येताना तोक्क्यूने आलो. त्या दिवशी रात्री नवऱ्याने तक्त्यात एक रकाना वाढवला.

तिसऱ्या दिवशी केइहानचा आग्रह माझा. खरं तर गरज नव्हती, हान्क्यू पसंत पडलीच होती, पण तिला काय दिसतं हे बघायचं होतं, कारण ती नदीच्या पलीकडून जाते. उमेदाहून मेट्रोने एक स्टेशन योदोयाबाशी, तिथून केइहानची तोक्क्यू. ती १९१० ची लाइन, जुन्या रस्त्याच्या आणि नदीच्या कलाने जाते म्हणून वळणं फार. जपानीत शेअरवाल्या कंपनीला काबुशिकी गाइशा म्हणतात, आणि तिकडचे लोक हिला चेष्टेने 'काबू-शिकी' गाइशा म्हणतात, काबू म्हणजे कर्व्ह. असला विनोद करणाऱ्या लोकांशी आपलं जमेल असं मला वाटलं.

या गाडीत एक डबा दुमजली असतो, जादा पैसे न घेता. नवरा वर पळाला. आईंना जिना चढायचा नव्हता म्हणून आम्ही खाली, आणि खालच्या मजल्यावर आपले डोळे प्लॅटफॉर्मच्या पातळीला येतात, त्यामुळे प्रत्येक स्टेशनवर फक्त चपला, बूट आणि घोटे. चेहरे नाहीत. आम्ही बुटांवरून माणसं ओळखायचा खेळ केला, ही नोकरीला उशीर झालेली, हा नवा जावई. याच कंपनीच्या तोक्क्यूमध्ये १९५४ पासून एका डब्यात टीव्ही असायचा, २०१३ पर्यंत चालवला तो, आता बंद. बुटांपुढे टीव्ही काय कामाचा.

हिराकाता आलं तेव्हा मी आईंना होडीची गोष्ट सांगितली. रेल्वे १८७७ ला आली, त्याच्या आधी या दोन शहरांमधले लोक योदो नदीतून तीस कोकुच्या (कोकु हे तांदळाचं माप) होड्यांनी जायचे, एकात तीसेक माणसं. क्योतोकडच्या फुशिमीहून ओसाकाला प्रवाहाबरोबर अर्धा दिवस लागायचा, आणि उलट, म्हणजे आम्ही चाललो होतो त्या दिशेने, दिवसभर, कारण काठावरून माणसं दोरीने होडी ओढत न्यायची. आणि या हिराकाताला छोट्या होड्या येऊन चिकटायच्या, जेवण विकायला, आणि त्यांचे लोक गिऱ्हाइकावर ओरडायचे की खाताय की नाही, अशा उद्धट भाषेत की त्या होड्यांचं नावच कुरावांका पडलं, म्हणजे साधारण 'गिळणार की नाही'. प्रवाशांना तेच आवडायचं म्हणे. आई इतक्या हसल्या की समोरच्या बाईंनी बघितलं. मग म्हणाल्या, दिवसभर दोरीने ओढत न्यायचे, आणि तू परवा एकोणतीस मिनिटं एकोणतीस मिनिटं करत होतास. नवरा वरच्या मजल्यावर होता, त्याला ऐकू गेलं नाही, पण मी नंतर पोचवलं.

शेवटच्या दिवशी आम्हाला तोक्योला जायचं होतं, म्हणजे शिन-ओसाकाहून शिनकानसेन आपोआपच आली, तिथे चर्चेला वाव नव्हता. फुजी दिसावा म्हणून डाव्या बाजूच्या सीट घेतल्या होत्या, आई खिडकीशी, मी शेजारी, नवरा मागच्या रांगेत. क्योतोपर्यंतची पंधरा मिनिटं बॅगा लावण्यात आणि तिकिटं कुठल्या खिशात गेली हे शोधण्यात चालली होती. मी म्हटलं अहो आई, डबा आता काढू का, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. काचेला अगदी नाक लावून बसल्या होत्या. एक डोंगर आला, शेजारी रूळ आले, एक छोटं स्टेशन आलं आणि त्यात उभी असलेली मरून गाडी, आली आणि गेली, मी नीट बघितलीही नाही.

आईंनी हात हलवून घेतला होता तेवढ्यात.

"दिसतात," त्या म्हणाल्या. "आतली माणसं दिसतात. एक बाई होती खिडकीत."

मागून नवऱ्याने विचारलं काय दिसलं, फुजी आला का एवढ्यात.