आई आणि धिरड्यांची शर्यत

आई वाईहून आमच्याकडे ओल्नीला आली ती फेब्रुवारीत. या दिवसांत येऊ नकोस, थंडी सोसणार नाही, असं मी तीनदा सांगून पाहिलं. पण तिला इथली पॅनकेकची, म्हणजे आमच्या भाषेत धिरड्यांची, शर्यत बघायची होती. सहा वर्षं फोनवर नुसतं ऐकत होती ना!

ओल्नी हे बकिंगहॅमशरमधलं, ग्रेट ऊझ नदीकाठचं बाजाराचं गाव. ह्यांची नोकरी मिल्टन कीन्सला, म्हणून आम्ही इथे राहतो. दगडी घरं, रुंद हमरस्ता, मधोमध बाजारचौक, गुरुवारी बाजार. गावाच्या दक्षिण टोकाला, नदीच्या कुरणालगत, चौदाव्या शतकातलं सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्च. त्याचं उंच निमुळतं शिखर गावात शिरण्याआधीच दिसायला लागतं. नदी, देऊळ, बाजार अशा गावात जन्म गेलेल्या आईला हे सगळं समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्याच संध्याकाळी ती फिरायला गेली आणि येऊन म्हणाली, "घाट नाहीये गं इथे, बाकी सगळं आहे."

शर्यत असते श्रोव्ह ट्युसडेला, म्हणजे राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी. बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासाचा काळ सुरू होतो, म्हणून मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवायचं आणि त्याचे पॅनकेक करायचे. "म्हणजे श्रावणाआधी सगळं उरकून घेतात तसंच की," आई म्हणाली. त्या दिवशी पापांची कबुली द्यायला या, म्हणून चर्चची घंटा वाजायची. गावची परंपरा अशी सांगते की 1445 साली एक बाई पॅनकेक करत होती, घंटा ऐकून ती तवा हातात घेऊनच चर्चकडे धावली. तेव्हापासून ही धाव आहे. मध्ये ती बंद पडली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 साली, त्या वेळच्या व्हिकरना, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांना, कपाट आवरताना शर्यतीचे जुने फोटो सापडले आणि त्यांनी ती पुन्हा सुरू केली. दोनच वर्षांनी अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लिबरल गावानं आव्हान पाठवलं. आजही त्याच दिवशी तिथल्या बाया धावतात आणि दोन्हीकडच्या वेळा ताडून बघतात.

नियम साधे. गावात किमान तीन महिने राहिलेली, अठरा वर्षं पूर्ण झालेली बाई. अंगात स्कर्ट, वर एप्रन, डोक्याला रुमाल किंवा टोपी. हातात तवा, तव्यात पॅनकेक. सुरुवातीला तो हवेत उडवून झेलायचा आणि शेवटच्या रेषेपलीकडे पुन्हा एकदा. बाजारचौकापासून चर्चच्या बाजूला 415 यार्ड, म्हणजे साधारण 380 मीटर. बरोबर अकरा पंचावन्नला सुटायचं. आई शाल घट्ट लपेटून दोरीपाशी उभी होती. शर्यत मिनिटा-सव्वा मिनिटात संपते, त्यामुळे तिला नीट दिसलं की नाही याची मला काळजी. पण तिनं पहिली आलेली बाई नव्हे, तर सगळ्यांत मागून येणारी पाहिली होती. "तिच्यासाठी लोक जास्त टाळ्या वाजवत होते," असं तिनं घरी भावाला फोनवर सांगितलं.

मला मात्र शर्यतीपेक्षा त्यानंतरची उपासना जवळची वाटते. धावलेल्या बाया एप्रनसकट, लाल गालांनी, चर्चमध्ये येऊन बसतात. गावकरी येतात, शाळेतली मुलं येतात. आणि जी गीतं म्हटली जातात ती याच गावात लिहिलेली असतात.

‘अमेझिंग ग्रेस’ ओल्नीत लिहिलं गेलं, हे इथे यायच्या आधी मला माहीत नव्हतं. हे प्रसिद्ध ख्रिस्ती भक्तिगीत लिहिणारा जॉन न्यूटन 1764 ते 1780 या चर्चचा क्युरेट, म्हणजे पाद्री, होता. 1 जानेवारी 1773 च्या प्रवचनासाठी त्यानं ते लिहिलं. ऐकणारे बहुतेक गरीब, लेस विणून पोट भरणारे. उशीवर टाचण्या रोवायच्या, लाकडी फिरक्यांवरचा धागा एकमेकांत गुंफायचा, दिवसभर मान मोडेपर्यंत. न्यूटनला ऐकायला एवढी गर्दी व्हायची की चर्चमध्ये वर एक सज्जा बांधावा लागला.

हा न्यूटन आधी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. 1748 साली वादळात जहाज बुडता बुडता वाचलं आणि तो देवाकडे वळला, असं सांगतात. पण त्यानंतरही 1754 पर्यंत तो माणसांची ने-आण करतच राहिला. त्या व्यापाराविरुद्ध त्यानं जाहीर लिहिलं ते 1788 साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. मला ही चाळीस वर्षं सोडून ते गीत म्हणता येत नाही. त्यानं स्वतःही ती झाकली नाहीत. अभ्यासिकेत शेकोटीच्या वर त्यानं बायबलमधलं वचन रंगवून घेतलं होतं, तू मिसर देशात दास होतास हे लक्षात ठेव. तो वारला लंडनमध्ये, 1807 साली. 1893 साली त्याचे अवशेष ओल्नीत आणून पुरले. चर्चच्या आवारातल्या त्या कबरीवर त्याचेच शब्द कोरलेत, आणि आपण कोण होतो ते त्यात पहिल्याच ओळींत आहे. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं मी त्या दारातून आत गेले नव्हते. आपण हिंदू, आपल्याला तिथे काय काम? मग शेजारच्या आजींनी एकदा विचारलं, शनिवारी चहा द्यायला हात कमी पडताहेत, येशील का? गेले. चहाचा मोठा बंब, दुधाचे जग, कप विसळणं. माझा धर्म कुणी विचारला नाही, साखर कुठे ठेवलीय एवढंच विचारलं.

तेव्हाच कवी विल्यम कूपरची गोष्ट कळली. बाजारचौकातलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. न्यूटनचा तो जिवलग मित्र. दोघांच्या बागांमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी फळबाग होता, तो ओलांडायच्या परवानगीसाठी ते वर्षाला एक गिनी, म्हणजे त्या काळचं एक सोन्याचं नाणं, मोजायचे. दोघांची गीतं 1779 साली एकत्र छापली गेली. पण 1773 च्या त्याच जानेवारीत कूपरचं मन पार ढासळलं. देवानं आपल्याला टाकलंय असं त्यानं घेतलं आणि पुढे तो कधीच चर्चमध्ये गेला नाही. न्यूटननं त्याला वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, सांभाळलं. उपासनेला न येणाऱ्या माणसाला या चर्चनं आपलं मानलं होतं, अडीचशे वर्षांपूर्वीच. हे वाचलं आणि माझा संकोच गेला.

आईसाठी मी एक गोष्ट राखून ठेवली होती. हमरस्त्यावर बॅप्टिस्ट मंडळीचं चर्च आहे. जॉन सटक्लिफ तिथे पाळक असताना जवळच्या खेड्यातला एक तरुण चांभार तिथे यायला लागला. 1785 साली तो त्या मंडळीत सामील झाला आणि पुढच्या वर्षी मंडळीनं त्याला उपदेशक म्हणून रीतसर पाठवलं. तो विल्यम केरी. आई चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली. ती फुटपाथवर थांबलीच. "श्रीरामपूरचा केरी?"

हो, तोच. बंगालमधल्या श्रीरामपूरहून 1805 साली मराठीचं व्याकरण आणि 1810 साली कोश काढणारा. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले. आई म्हणाली, "आणि त्याला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित. त्यांचं नाव घे आधी." मग तिथेच उभी राहून तिनं मला मोडीचे खिळे, फोर्ट विल्यम कॉलेज, सगळं ऐकवलं. बोलताना तोंडातून वाफ येत होती. मी पंधरा वर्षांनी तिच्या वर्गात बसले होते.

आई मार्चमध्ये परत गेली. आता मी पुढच्या वर्षी धावायचं ठरवलंय. रोज रात्री मागच्या अंगणात तवा घेऊन उडवायची सवय करते, नि पॅनकेक फाटतो. काल व्हिडिओ कॉलवर आईनं ते पाहिलं.

"धिरडं जरा गार होऊ दे," ती म्हणाली, "मग उडव. आणि पीठ घट्ट भिजव."