विहिरीवरची बाई, रमाबाई आणि माझी साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला, कुणी उभं राहिलं की बहुतेक वेळा ऑपरेशन नीट झालं, नोकरी लागली, पोराला व्हिसा मिळाला असं काहीतरी असतं, आणि ते खरंच असतं, मीही सगळ्यांबरोबर हालेलुया म्हणते. माझ्याकडे तसं सांगण्यासारखं नाही. मी वर्षानुवर्षं जे मागत होते ते मला मिळालंच नाही, आणि तरी आज मी पूर्ण आहे असं छातीवर हात ठेवून सांगू शकते. म्हणून ही साक्ष लिहायला घेतलीय.

मी नगरची. जन्मापासून ख्रिस्ती, घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रार्थना, नाताळात शेजारपाजारी करंज्यांची ताटं, चर्चमध्ये पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं. संडे स्कूल, दृढीकरण, पहिलं प्रभुभोजन, सगळं वेळच्या वेळी झालं. लग्न तेवढं झालं नाही. स्थळं यायची, बोलणी व्हायची, कुठंतरी अडायचं, मग वडील आजारी पडले, त्यांच्यात काही वर्षं गेली, आणि बघता बघता पस्तिशी मागं पडली. पुण्यात नोकरी, अकाउंट्सचं काम, पगार चांगला, पण कुठल्याही लग्नात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला.

एका घरगुती प्रार्थना सभेत आमच्या ओळखीच्या एक मावशी उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं प्रार्थना केली, प्रभू, या लेकराचं आयुष्य असं अपुरं ठेवू नकोस. सगळे आमेन म्हणाले. मावशींच्या मनात नुसती माया होती, त्यांचा हात थरथरत होता, हे मला माहितीय. पण तो शब्द माझ्या आत जाऊन बसला. अपुरं. म्हणजे देवाच्या घरातसुद्धा मी अर्धीच, उरलेला अर्धा भाग येईपर्यंत थांबून राहायचं. आणि मी थांबून राहिले. घर भाड्याचं, सामान तात्पुरतं, मनही तात्पुरतं, खरं आयुष्य अजून सुरू व्हायचंय असं धरून चाललेले.

त्याच काळात पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा वाचली. लहानपणी वाचली होती, तेव्हा ती थोर बाईंची गोष्ट होती, आता ती दुखावलेल्या बाईची वाटली. जन्म १८५८चा, वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांनी त्या काळात बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, मग भावाबरोबर पायी हिंदुस्थानभर फिरली, भाऊही गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न १८८० मध्ये, आणि दोन वर्षांच्या आत तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा. एवढं सगळं तुटलेलं घेऊन ती बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण मला जे धरून बसलं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधीचं म्हणजे लंडनमधल्या फुलहॅमची गोष्ट. तिथं सिस्टर लोक समाजानं टाकलेल्या बायकांना आपल्याकडे ठेवून प्रेमानं सांभाळत होत्या, रमाबाईंना प्रश्न पडला की हे कशाच्या जोरावर करतात, तर एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी बाईचा, म्हणजे यहुदी लोक ज्यांना कमी लेखायचे त्या शोमरोनी लोकांतल्या बाईचा. आणि नंतरचं म्हणजे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण खुद्द ख्रिस्त सापडायला त्यानंतर आणखी काही वर्षं गेली. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. मी तर धर्मातच जन्मलेली, मला शोधायची गरजच काय असं मी धरून होते. उपासना, वर्गणी, महिला मंडळ, सगळं होतं माझ्याकडे. तो होता का?

मग मी तो चौथा अध्याय काढून बसले. संडे स्कूलमध्ये पाठ झालेली गोष्ट, याकोबाची विहीर, भर दुपारी एकटीच पाणी भरायला आलेली बाई, पाच नवरे होऊन गेलेले, आता आहे तो नवरा नाही. पाचांनी जिचं काही भरलं नाही तिच्याशी येशू बोलत बसलाय, आणि बोलताना तिला सहावा शोधून देतो म्हणत नाही, आधी तुझं सगळं नीट कर मग ये असंही म्हणत नाही. आधी तिच्याकडेच पाणी मागतो. दमलेला आहे, तहानलेला आहे, आणि तिच्याकडून काहीतरी घ्यायला तयार आहे. मला इथं रडू आलं, खरंच आलं, कारण तोपर्यंत मी देवाकडे फक्त मागणारी होते, त्याला माझ्याकडून काही हवं असेल, मी आहे अशी, आत्ता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि शेवटी ती बाई घागर तिथंच टाकून गावात पळते, ज्या लोकांना चुकवून दुपारची आली होती त्यांच्याकडेच, येऊन पाहा म्हणून सांगायला.

त्या रात्री कुठला प्रकाश वगैरे दिसला नाही. मी एवढंच म्हणाले, प्रभू, मी थांबणं सोडते, तुला माझ्याकडून काय पाहिजे ते माग. आणि मनावरचं ओझं उतरलं, जे आजतागायत परत आलेलं नाही. एकटेपणाचे दिवस येतात, सणावाराला येतातच, आई झाले नाही याचं दुःखही आहे, ते लपवायचं नाही मला. पण आपण अर्ध्या आहोत हे आता वाटत नाही. बायबलमध्ये प्रेषित पौल कलस्सै इथल्या मंडळीला पत्रात लिहितो की तुम्ही त्याच्या ठायी पूर्ण झाला आहात, झाला आहात, होणार आहात असं नाही.

काम मात्र लगेच समोर आलं, आणि माझ्याच दुखऱ्या जागेतून आलं. आमच्या चर्चच्या मागच्या वस्तीत बऱ्याच बायका एकट्या राहतात, विधवा, टाकलेल्या, काहींचा नवरा असून नसल्यासारखा. एक ताई उपासनेनंतर एक पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या, तुम्ही बँकेचं बघता ना म्हणाल्या. पिशवीत नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, दोन पासबुकं, रेशन कार्ड, आधारची पाण्यानं फुगलेली झेरॉक्स, सगळं एका ब्लाउजपीसमध्ये बांधलेलं. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमधून परत आला होता, कारण आधारवर माहेरचं नाव आणि रेशन कार्डावर सासरचं. हे काम मला येतं. आकडे जुळवणं, नावं जुळवणं, कुठला कागद आधी आणि कुठला नंतर, माझी सगळी नोकरीच ती आहे. पहिला हप्ता खात्यात आल्यावर त्या ताईंनी पासबुकावर एन्ट्री मारून आणली आणि ती ओळ बोटानं मला दाखवली, काही बोलल्या नाहीत, नुसती दाखवली. तेव्हापासून माझे शनिवार तिकडेच जातात. सगळ्या काही ख्रिस्ती नाहीत, मी विचारतही नाही, कुणी प्रार्थना करा म्हटलं तर करते.

रमाबाईंचंही असंच झालं असं मला वाटतं. जिचं घर दुष्काळानं खाल्लं तीच बाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, बेवारस मुली-बायकांना घेऊन आली, शेकड्यांनी, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. नुसतं जेवण देऊन थांबल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींना ब्रेल. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते तिथल्याच छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी छापलं. मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ला, म्हणजे लेक गेल्यावरही शेवटपर्यंत काम चालूच होतं. हे सगळं नुसत्या जिद्दीवर झालं असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. जिद्द त्यांच्याकडे आधीही होतीच की.

पुणे-दौंड लाईनवर केडगाव लागतं, कधी जमलं तर जाऊन या, मुक्ती मिशन आजही चालू आहे. आणि त्या मावशी आता थकल्यात, मी भेटायला जाते तेव्हा अजूनही माझ्यासाठी स्थळाची प्रार्थना करतात, मी आमेन म्हणते, कारण त्यांचं प्रेम खरं आहे, आणि लग्न झालं तर तेही आनंदानं घेईन. पण त्याच्या वाटेवर डोळे लावून बसलेली नाही. परवाच्या शनिवारी दोघी नवीन येणार आहेत, एकीच्या नवऱ्याचा दाखला गावाकडच्या ग्रामपंचायतीतून काढायचाय, त्यासाठी मला शुक्रवारची सुट्टी टाकावी लागणार, तिच्यासाठी आणि तिच्या दोन्ही पोरांसाठी प्रार्थना करा.