बाबांना घुमानला न्यायचंय

माझे बाबा हिंगोली जिल्ह्यातले शेतकरी. सोयाबीन पेरून, हळदीचं बेणं मातीआड करून आळंदीला निघायचं, हा त्यांचा नेम माझ्या जन्माआधीपासूनचा. पाऊस लांबला तर पेरणी काकांवर सोपवतात, वारी चुकवत नाहीत. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. माउलींची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघाली की मी त्यांच्या दिंडीत सामील होते आणि पंढरपूरपर्यंत चालते. आळंदी ते पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. बाबांच्या मनात मात्र गेली काही वर्षं आणखी एका वाटेने घर केलंय. ती पंजाबात जाते, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला. नामदेव महाराज उत्तरेत गेले आणि जिथे वर्षानुवर्षं राहिले, ते हे गाव.

आमच्या गावापासून नरसी जवळ. कयाधूच्या काठचं नरसी नामदेव. महाराजांचा जन्म १२७० चा. तो नरसीचा की पंढरपूरचा, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. बाबांपुढे तो विषय काढून उपयोग नाही. त्यांच्यासाठी नामदेव महाराज म्हणजे आपल्या शिवारातला माणूस, कयाधूचं पाणी प्यायलेला.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी असते, म्हणजे पोटात साबुदाणा आणि केळी. दुपारनंतर दिवे घाट लागतो. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, टाळकऱ्यांचा आवाज चढाला आणखी चढतो. घाटाच्या पहिल्या वळणावरून मागे पाहिलं तर पार खालपर्यंत पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका आणि तुळशी डोक्यावर घेतलेल्या बाया दिसतात. बाबा घाटात बोलत नाहीत. छातीतला सगळा श्वास अभंगाला द्यायचा, असा त्यांचा हिशोब. सासवडच्या मुक्कामी ते मोकळे होतात, आणि घुमानबद्दल ते पहिल्यांदा सविस्तर बोलले तेही सासवडलाच.

सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घेऊन आम्ही कऱ्हेकडेला टेकलो होतो. बाबा म्हणाले, "माय, एक सांग. ज्ञानोबा माउली आळंदीला बसले, सोपानकाका हितं सासवडला. मुक्ताई तापीकाठी गेल्या, निवृत्तीनाथ त्र्यंबकला. वर्षा-दीड वर्षात समदे गेले. मागं ऱ्हायलं कोन? नामदेव महाराज. ज्याच्यासंगं तीर्थं हिंडले, ते सोबतीच नाहीत म्हटल्यावर त्यांचं पंढरीत कसं मन लागलं असंल?"

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. माउलींची संजीवन समाधी १२९६ ची. त्या सोहळ्याचं वर्णन आपल्याला नामदेवांच्या अभंगांत मिळतं. भावंडांतल्या एकेकाचा निरोप त्यांनी शब्दांत धरून ठेवला आणि पुढे ते उत्तरेला गेले. अभ्यासक याचा अर्थ भागवत धर्माचा प्रसार असा लावतात आणि तो खराच आहे. बाबांना त्यात आणखी एक दुःख दिसतं, कारण त्यांच्या दिंडीतलंही एकेक माणूस कमी होत चाललंय. त्यांच्या जोडीने टाळ धरणारे, एकाच राहुटीत झोपणारे, एका ताटात जेवणारे दोघे-तिघे आता नाहीत. त्यांच्या बरोबरीचे विणेकरी गेले त्या वर्षी बाबा जेजुरीपर्यंत कुणाशी धड बोलले नव्हते. सोबती गेल्यावरही माणूस चालत राहतो, नवा मुलूख आपला करतो, ही गोष्ट त्यांना घुमानमध्ये जाऊन पाहायची आहे. मला असं वाटतं. ते स्वतः इतकं उघड बोलणार नाहीत.

घुमानचं नाव त्यांच्या कानावर पडलं नांदेडमध्ये. आजीच्या दवाखान्यासाठी तिकडे खेपा व्हायच्या, तेव्हा ते हजूर साहिब गुरुद्वारात जाऊन बसत. तिथे एका सेवादाराने त्यांना गळ्यातल्या माळेवरून ओळखलं आणि सांगितलं, तुमच्या नामदेवांची वाणी आमच्या ग्रंथात आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. औंढ्या नागनाथाच्या दारातून नामदेवांना उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करू लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या लेकरालाही ऐकवतात. देऊळ फिरल्याचा तो प्रसंग त्या ग्रंथातल्या पदातही आहे. हे कळल्यावर बाबा घरी आले ते वेगळेच होऊन. औंढा आमच्यापासून एसटीच्या अंतरावर. तिथली गोष्ट पंजाबातली माणसं रोज माथा टेकून वाचतात, ऐकतात, याचं त्यांना अजूनही नवल वाटतं.

मग २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. ८८ वं संमेलन, अध्यक्ष सदानंद मोरे. तुकोबांच्या वंशातला माणूस नामदेवांच्या गावी अध्यक्ष म्हणून गेला, हे बाबांनी घरोघरी सांगितलं. त्या दिवसांतलं वर्तमानपत्रातलं गुरुद्वाराचं छायाचित्र त्यांनी कापून ठेवलंय. दुधाच्या पिशवीची स्वच्छ धुतलेली घडी, तिच्यात ते कात्रण, आणि ते हरिपाठाच्या पोथीत. घड्यांवर कागद फाटायला आलाय, शाई उडालीय, घुमट कुठला आणि आभाळ कुठलं ते आता नीट कळत नाही. पाऊस आला की बाबा आधी पोथी सांभाळतात, मग डोक्यावर इरलं घेतात.

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं की पालखी लोणंदला येते. तोवर माझ्या पायांना हमखास फोड आलेले असतात. रात्री राहुटीत कंदिलाच्या उजेडात बाबा माझी टाच मांडीवर घेतात, सुईत दोरा ओवतात आणि फोडातून आरपार नेतात. दोरा आत तसाच ठेवायचा, पाणी त्याच्यावाटे झिरपून जातं. वरून खोबरेल. त्यांच्या बोटांना हळदीच्या कामाने कायमचा राठपणा आलाय, पण सुई कधी लागू देत नाहीत. अशाच एका रात्री मी म्हटलं, बाबा, आपण घुमानला जाऊ. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला जाते, दीड दिवसात पोचू. त्यांनी दोरा तोडला, गाठ मारली आणि म्हणाले, "रेल्वेनं जाऊ. पण शेवटचं पायी."

अमृतसरहून बटाला, आणि बटाल्याहून घुमान पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे वारीतला एक टप्पा. नामदेव महाराज पंढरपूरपासून चालत गेले, आपण निदान एक मुक्काम तरी चालू, असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटलं. गाडीतून उतरून दर्शन घेऊन परत फिरलो तर बाबांना गेल्यासारखं वाटणारच नाही. गावाच्या शिवेपर्यंत पायाने जायचं, शेतं बघायची, कुठलं पीक उभं आहे, पाणी कुठून येतं ते विचारायचं, कुणाच्या ओसरीवर टेकायचं, हे सगळं त्यांच्या दर्शनात येतं. वारीत त्यांच्याबरोबर चालले नसते तर मला हे कळलं नसतं. मी त्यांच्यासाठी गाडी ठरवली असती.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, पुढे पुरंदवड्याला गोल रिंगण. त्याबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून थांबत नाही. मला वारीत सगळ्यात जास्त आवडते ती मुक्कामाची समाजआरती. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा गजर इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंच करतात, आरोळी देतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, तोडगा काढतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती. एवढ्या मोठ्या समुदायात एका लहान दिंडीचं म्हणणं ऐकण्यासाठी सगळे मुकाट उभे राहतात, याचा मला फार अभिमान आहे.

तिथे उभी असताना मला पुढचं दिसायला लागतं. घुमानच्या लंगरमध्ये बाबा पंगतीत बसलेत. बसलेत कसले, पहिली पंगत उठायच्या आत वाढायला लागलेत. दिंडीत ते कधी आधी जेवत नाहीत. हातात भाकरीची पाटी घेऊन "घ्या माउली, घ्या माउली" करत फिरतात. तिथल्या माणसांना माउली म्हटलेलं कळेल का, असं मी विचारलं तर म्हणाले, "वाढणाऱ्याचा हात समद्यांनाच कळतोय."

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या जमतात, आणि त्यांना सामोरी यायला पंढरपुरातून नामदेव महाराजांची पालखी येते. ज्यांना त्यांनी निरोप दिला, त्यांच्या स्वागताला ते आजही दरवर्षी वेशीबाहेर येतात. बाबा त्या पालखीसमोर लोटांगण घालतात आणि पुष्कळ वेळ उठत नाहीत. पुढे पंढरीत गर्दीमुळे विठोबाचं दर्शन कधी होतं, कधी कळसावर भागवावं लागतं. महाद्वारातली नामदेव पायरी मात्र ते चुकवत नाहीत. त्या पायरीवर कुणी पाय देत नाही. देवाला जाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून महाराजांनी ती जागा मागून घेतली. यंदा तिथे डोकं टेकून झाल्यावर बाबांनी माझ्याकडे तांब्या दिला आणि चंद्रभागेचं पाणी भरून आणायला सांगितलं. घरी नेहमी नेतो त्याहून एक तांब्या जास्त. तो घुमानचा.

तेव्हा आता टाळाटाळीला जागा उरली नाही. घरी बसून आम्ही वेळेचा हिशोब मांडला. दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन, मग कार्तिकी, मग हरभरा. पौष-माघात पंजाबची थंडी बाबांच्या छातीला सोसायची नाही. फाल्गुनात हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. त्या दिवसांत घरातला एक माणूसही हलू शकत नाही. हळद बाजारात गेली की चैत्र लागतो. तिकडे तेव्हा गव्हाची शेतं पिवळी झालेली असतील, आणि उन्हाचा कडाका अजून वाढलेला नसेल. चैत्रच बरा.

आई इतकी वर्षं गुडघ्यांमुळे वारीला येऊ शकली नाही. घर, जनावरं, आजीचं आजारपण सगळं तिने निभावलं म्हणून बाबा चालू शकले. घुमानला मात्र येणार म्हणते. बटाल्यापासून तिच्यासाठी रिक्षा करायची आणि दर दोन-तीन किलोमीटरवर विसाव्याला तिने पाणी घेऊन थांबायचं, असं तिनेच ठरवून टाकलंय. सचखंडला वाटेत स्थानकांवर लंगरचं जेवण मिळतं असं मी सांगितलं, तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेणारच, यावर ती ठाम आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. हळदीच्या काढणीचा अंदाज आला की काका फोन करतील, त्याच दिवशी मी तिकिटं काढणार. बाबांना खालचा बर्थ, आईला खिडकी, आणि तांब्या ठेवायला पायाशी थोडी जागा.