निळी भिंत आणि अंगठ्यातली कुसळं

ग्रँड कॅन्यन पाहिला. भव्य आहे, गर्दीही भव्य आहे. त्यावर याहून जास्त लिहायला मला सुचत नाही. सुचतंय ते अ‍ॅरिझोनातल्याच टूसॉन शहरातल्या, बारिओ विएहोमधल्या एका गल्लीबद्दल.

भाचा तिथे शिकतो. फोटोंसाठी सकाळी सातला निघायचं म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं. पण सप्टेंबर संपत आला तरी दुपारी पारा ३८ वर जात होता, आणि डोक्यावरच्या उन्हात रंग पार धुऊन निघतात. सकाळी मात्र रस्त्याच्या एका बाजूच्या भिंती सावलीत असतात. तेव्हा निळा खरा निळा दिसतो.

बारिओ विएहो म्हणजे जुनी वस्ती. कच्च्या विटांची बैठी घरं, हातभर जाड भिंती, दार उघडलं की थेट फुटपाथ. अंगण असलंच तर मागे. आपल्या वाड्यांसारखंच, रस्त्याला नुसती पाठ. एक घर हळदी, पुढचं गुलबक्षी, त्यापुढचं मोरपंखी, आणि भिंतीच्या बुडाशी वीतभर मातीत निवडुंग. ओकोटियो या वाळवंटी झुडपाच्या काटेरी काठ्या एरवी वाळलेल्या दिसतात, पाऊस पडला की काही दिवसांत पानांनी भरतात. पण मी अडकले फड्या निवडुंगापाशी. तोच, आपल्या बांधावरचा! मूळचा अमेरिकेतला. किरमिजी रंग देणाऱ्या किड्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानात आणवला. इथे फडांवर कापसासारखे पांढरे ठिपके होते. भाच्याने काडीने एक चिरडला, तर काडी रक्तासारखी लाल.

भिंत गडद निळी, बोंडं लालभडक. एक वाळका फड मध्येच लोंबत होता. मी तो चिमटीत धरून बाजूला केला. लहानपणी बोंडं खाऊन जीभ लाल केलेल्या बाईला एवढी अक्कल हवी होती. मोठे काटे दिसतात, कुसळं दिसत नाहीत. अंगठा आणि दोन बोटं भरली.

मी हात झटकत होते तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. पिशवी घेतलेली एक आजी. मी तिच्या उंबऱ्यापासून दोन फुटांवर उकिडवी, कॅमेरा तिच्या खिडकीकडे. लाजच वाटली. वाईला आजीच्या वाड्याबाहेर शूटिंगवाले ओटा अडवून बसायचे तेव्हा सगळ्यात जास्त कटकट मीच करायचे. ही बाई मात्र माझा हात बघून आत गेली, रुंद चिकटपट्टी आणली, अंगठ्यावर दाबली आणि फर्रकन ओढली. तीनदा. मग इंग्रजीत म्हणाली, तुझा फोटो होऊ दे, मी थांबते. आणि खरंच थांबली, चौकटीबाहेर, पिशवी पोटाशी धरून. मला धड फोकस करता येईना.

याच वस्तीचा मोठा भाग, सुमारे ८० एकर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाडून तिथे कन्व्हेन्शन सेंटर बांधलं. उरलं ते आता आम्ही पोरंबाळं घेऊन टिपत फिरतो. मेन अ‍ॅव्हेन्यूवर एल तिरादितो नावाची, नवस बोलायची उघडी देवळी आहे. तिथे लावलेली मेणबत्ती रात्रभर जळली तर इच्छा पुरी होते म्हणतात. मेणबत्त्यांचे बुडखे वितळून काळे पडलेले, खाली मेणाचे थर. तिथे मी कॅमेरा काढलाच नाही. भाच्याने मात्र फोनवर चार फोटो काढले, आणि तेच सगळ्यांत चांगले आलेत.

शेवटचं कूस विमानात निघालं, तेही दाताने.