दोन लाख केल्विनचा उंचवटा

जुलैतला दिवस. यवतेश्वरचा डोंगर सकाळपासून धुक्यात होता आणि साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात वीज नव्हती. त्यामुळे माझ्या विद्यार्थिनीनं आलेख हातानंच काढून आणला होता. एमएस्सीचा प्रकल्प, विषय ताऱ्यातल्या वायूची अपारदर्शकता. तो वायू प्रकाशाला किती अडवतो, आणि तापमान वाढलं की हे अडवणं कसं बदलतं.

तापमान वाढेल तशी रेषा उतरत गेली होती. चाळीस-पन्नास हजार केल्विनपाशी हेलियममुळे येणारा फुगवटा मला अपेक्षित होता. पण पुढे दोन लाखांच्या आसपास रेषा पुन्हा वर चढली होती.

मी म्हणालो, "अगं, आकडे उतरवताना ओळ चुकली असेल. हे बिंदू गाळ आणि रेषा सरळ खाली ने."

माझ्या विद्यार्थिदशेतल्या वहीत हा उंचवटा नव्हता. त्या वहीवर मी पंचवीस वर्षं शिकवलं होतं.

ती वाद घालत बसली नाही. "सर, दुसऱ्या तक्त्यावरून काढून बघते," एवढंच म्हणाली. पहिले आकडे अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या ओपल या अपारदर्शकतेच्या तक्त्यांतले होते, रॉजर्स आणि इग्लेसियास यांचे. दुसरे मायकेल सीटन यांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या ओपॅसिटी प्रोजेक्टमधले. दोन्ही गट वेगळे आणि अणूंचं गणित करण्याची पद्धतही वेगळी. चारच्या सुमारास ती दुसरा ग्राफपेपर घेऊन आली. खिडकीपाशी दोन्ही कागद एकावर एक धरले. उंचवटा त्याच जागी होता.

मग मी वही बाजूला ठेवली आणि दोघं वाचायला बसलो. हा उंचवटा लोखंडाचा. सूर्यासारख्या ताऱ्यात हायड्रोजनच्या एक लाख अणूंमागे लोखंडाचे जेमतेम तीन! पण दोन लाख केल्विनला लोखंडाचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात आणि तिसऱ्या कवचात तरीही बरेच उरलेले असतात. त्यांना त्याच कवचातल्या त्याच कवचात उड्या मारता येतात. प्रत्येक उडी प्रकाशाची एक ठरावीक तरंगलांबी गिळते, म्हणजे वर्णपटात एक काळी रेषा; अशा असंख्य रेषा एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि प्रकाशाला फट मिळत नाही. जुन्या गणितांत यातल्या बऱ्याच रेषा धरलेल्याच नव्हत्या.

1982 मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन सायमन यांनी लिहिलं होतं की जड मूलद्रव्यांची अपारदर्शकता दोन-तीन पट वाढवली, तर स्पंदन पावणाऱ्या सेफिड ताऱ्यांचं न जुळणारं गणित जुळतं. पुढे नवे तक्ते आले आणि ते जुळलं. बीटा सेफी तारे का धडधडतात, याचंही उत्तर याच उंचवट्यात निघालं. ते तारे ज्यावर धडधडतात, नेमके तेच बिंदू मी तिला गाळायला सांगितले होते. मी तिला तसं बोलून दाखवलं आणि माझं चुकलं म्हणालो.

तिनं विचारलं, "मग सूर्याचं तरी आता नक्की झालंय का?"

तेही नाही. 2015 मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रावर, सूर्याच्या आत खोलवर असतं तसं, वीस लाख केल्विनच्या आसपास तापवलेल्या लोखंडाची मोजणी प्रसिद्ध झाली. काही तरंगलांब्यांना ते गणितापेक्षा 30 ते 400 टक्के जास्त अपारदर्शक निघालं. फरक कुठून येतो, यावर अजून एकमत नाही.

तिची साडेपाचची कोरेगाव एसटी चुकली. पुढची गाडी येईपर्यंत, वीज आलेली असूनही, आम्ही तिसऱ्या कागदावर दोन्ही तक्त्यांचे बिंदू पेन्सिलीनंच मांडत बसलो.