तीस सेकंदांसाठी तीन महिने

‘बाहेरचा कागद केसपेपरला लागत नाही.’ आमच्या रेकॉर्ड विभागाचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजून डोकं तापतं.

मी कॅज्युअल्टीत डॉक्टर. एका रात्री अ‍ॅम्ब्युलन्समधून एक आजोबा आले. उजवा हात लुळा, बोलणं अडखळत. आमच्या ग्लुकोमीटरवर साखर 164. स्ट्रोक समजून सीटीची धावपळ सुरू केली. खरं तर घरी साखर 38 होती, आणि साखर इतकी उतरली की स्ट्रोकसारखीच लक्षणं दिसू शकतात. अ‍ॅम्ब्युलन्समधल्या पॅरामेडिकनं शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, दिलं होतं. त्यानं ते सांगितलंही, पण स्ट्रेचर सरकवण्याच्या गोंधळात, माझ्या पाठीला. आकडा त्यानं ग्लोव्हवर पेनानं लिहिलेला. ग्लोव्ह कचऱ्यात.

मग तो आणि मी, दोघांनी बसून एका दुपारी अर्ध्या पानाचा तक्ता केला: काय झालं, काय दिसलं, उपचाराआधीचे आकडे, काय दिलं, खाली दोन सह्या. शिवाय एक नियम: पॅरामेडिक बोलेल ते तीस सेकंद रुग्णाला कुणी हात लावायचा नाही. सीपीआर चालू असेल किंवा श्वास अडला असेल तर अर्थातच हा नियम लागू नाही.

नियम आठवड्यात रुळला. कागद मात्र रेकॉर्ड विभागात अडकला. म्हणे फॉर्मला क्रमांक नाही. क्रमांक समिती देते, समिती महिन्यातून एकदा बसते. बसली तेव्हा विचारलं, डॉक्टरनं सही केली म्हणजे बाहेरच्या उपचारांची जबाबदारी त्याची का? मी म्हटलं, सही म्हणजे ‘ऐकलं’, ‘पटलं’ नव्हे. यावर लेखी अभिप्राय मागवला. पुढच्या बैठकीला माणसंच पुरेशी नव्हती. दरम्यान आम्ही तक्ते टाचत होतो आणि रेकॉर्डवाले टाचण्या काढून ते एका खोक्यात टाकत होते. खोकं मी पाहिलं. टाचण्यासुद्धा वेगळ्या डबीत, नीट.

शेवटी तिथल्याच क्लार्क बाई म्हणाल्या, “डॉक्टर, नवा फॉर्म कशाला मागताय? केसपेपरची मागची बाजू कोरीच असते.” दोन दिवसांत तिथं मारायला त्या तक्त्याचा शिक्का बनवला. त्याला कुणाचीच परवानगी लागली नाही! तुम्ही आधी क्लार्कला भेटा, समितीला नंतर.

हो, एक राहिलं. स्ट्रोकच्या रुग्णाला ‘शेवटचं नीट कधी पाहिलं’ ती वेळ घड्याळाची लिहा, ‘सकाळी’ नको. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथूनच मोजतात.

परवा तोच पॅरामेडिक दुसरा रुग्ण घेऊन आला. शिक्क्यावर सही घेतली आणि विचारलं, “सर, ते आजोबा?” तीन महिने फॉर्मच्या मागे धावताना त्याला हे सांगायचंच राहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी चालत घरी गेले होते.