माईच्या चित्राला मी वर्गणी का दिली

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यानं माई नावाच्या माणसाचं जे चित्र काढलं, त्यासाठी लंडनमध्ये लोकवर्गणी चालू होती, तेव्हा मी २०० पौंड दिले. चित्राची किंमत ५ कोटी पौंड. तेव्हापासून नातेवाईक, मंडळातल्या बायका, सगळ्यांचा एकच प्रश्न : साहेबाच्या चित्राला आपण कशाला पैसे द्यायचे?

अहो, तो साहेब नाही. माई पॅसिफिकमधल्या रायातेआ बेटाचा. बोराबोराच्या लोकांनी बेट जिंकल्यावर तो परागंदा झाला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या जहाजातून लंडनला आला. दोन वर्षं बड्या घरांतून त्याचं कौतुक झालं. रेनॉल्ड्सनं त्याला पुरुषभर उंचीचा काढला : अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्याला पागोटं, पाय अनवाणी. १७७६ मध्ये ते चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं आणि त्याच वर्षी माई दर्यावर्दी कॅप्टन कुकबरोबर परत निघाला. कुकनं त्याला उतरवलं ते हुआहिने बेटावर. स्वतःच्या बेटावर नाहीच. दोनेक वर्षांत तो तिथेच वारला.

चित्र मात्र हात बदलत राहिलं. रेनॉल्ड्सनं ते मरेपर्यंत स्वतःकडे ठेवलं. १७९६ मध्ये ते १०० गिनींना (गिनी म्हणजे तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) विकलं गेलं, मग अर्ल ऑफ कार्लाइलच्या घराण्याकडे, यॉर्कशरच्या कॅसल हॉवर्डमध्ये दोनशे वर्षं राहिलं. २००१ मध्ये लिलावात १ कोटी ३ लाख पौंड आले. पुढे ते एका आयरिश उद्योगपतीकडे गेलं. सरकारनं देशाबाहेर न्यायला परवानगी नाकारली आणि टेट गॅलरीनं देऊ केलेले सव्वा कोटी मालकानं नाकारले. शेवटी २०२३ मध्ये लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकेतलं गेटी म्युझियम यांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलं. एवढ्या मालकांत माईचं कोणी नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आता ज्याबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं, ते. २०२३ चा फेब्रुवारी. गावच्या घराचे वासे वाळवीनं पोखरले होते, पावसाच्या आत बदलायला हवे होते. दादानं पैसे मागितले. मी म्हटलं, या महिन्यात जमत नाही. आठवड्यानं व्हिडिओ कॉलवर माझी मुलगी उत्साहानं बोलून गेली, “मामा, आईनं म्युझियमला २०० पौंड दिले!” दादा माजघरात बसला होता. त्यानं मोबाइल हळूच वर फिरवला. कौलांच्या फटीतून उजेड दिसत होता, एका वाशाला सुतळीनं बांबू बांधला होता. तो म्हणाला, “बघून ठेव. हेही जुनंच आहे.” आणि फोन ठेवला.

मी महिनाभर स्वतःशी वाद घातला. त्या २०० पौंडांच्या २० हजार रुपयांत घर शाकारून झालं नसतं, असं मी म्हणायचे. खरं आहे ते. पण मला दोन्ही जमलं असतं, हेही खरं आहे. आणि इंग्रजांनी नेलेलं परत करा म्हणून पूर्वी तावातावानं बोलणारी मीच. ती मी आज भेटली तर मला उभं करणार नाही. तिला सांगेन की हे चित्र कुणाकडून लुटलेलं नाही, आणि एखाद्या श्रीमंताच्या तिजोरीत गेलं असतं तर रायातेआच्या माणसालाही बघायला मिळालं नसतं. ती विचारेल, लंडनचं तिकीट काढून तो येणार आहे का? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मग का दिले? माईच्या हातावर गोंदण आहे. रेनॉल्ड्सनं झगा, झाडं मनानं सजवली असतील, पण हाताच्या पाठीवरचे ते ठिपके काढायला तो विसरला नाही. माझ्या आजीच्या हातावर असेच हिरवट ठिपके होते. तिचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही.

दादानं सोसायटीचं कर्ज काढून वासे बदलले. मी नंतर पैसे पाठवले, ते त्यानं दुसऱ्या दिवशी परत केले. गोंदणाचा फोटो पाठवला, तो त्यानं पाहिला. उत्तर अजून आलेलं नाही.